किशनचं कन्नड

आमच्या किशनला कन्नड येतं, ही गोष्ट माळेगुंडीत शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होती. कुणाला ठाऊक नसलीच तर किशन स्वतः सांगायचा. मी मंगल, त्याची थोरली बहीण. माझं सासर गावातच, दोन गल्ल्या पलीकडं, आणि नोकरी वडगावच्या मराठी शाळेत. त्यामुळं त्याचं कौतुक आणि त्याचा ताठा, दोन्ही मी जवळून बघितलं आहे. हे लिहिताना मला त्याची लाज वाटते आहे, आणि ती झाकून लिहिण्यात काही अर्थ नाही.

माळेगुंडी बेळगावपासून लांब नाही. घराघरांत मराठी, देवळात मराठी, भांडणं तर मराठीतच. पण सरकारचा कागद आला की तो कन्नडात. शेताचा उतारा कन्नडात, विजेचं बिल कन्नडात, रेशनची नोटीस कन्नडात. आमच्या आप्पांनी, म्हणजे नागोजी पाटलांनी, असले कागद जन्मभर न वाचता घडी घालून ठेवले. किशन बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत स्टोअरकीपर म्हणून लागला. तिथं गोकाकच्या बाजूची माणसं कामाला होती. त्यांच्याशी बोलून बोलून आणि दुकानांच्या पाट्या वाचून वाचून तो कन्नड शिकला. बोलायला आधी आलं, वाचायला मागाहून, आणि लिहायला कधी आलं ते कुणीच बघितलं नाही. तो लिहिता येतं म्हणाला आणि आम्ही मान्य केलं.

सकाळी तो ड्युटीला जायच्या आधी आमच्या ओट्यावर माणसं कागद घेऊन बसायची. किशन कागद हातात घ्यायचा, लांब धरायचा, भुवया चढवायचा आणि थांबायचा. समोरच्याचा जीव टांगणीला. मग म्हणायचा, “काय न्हाय, बोरचं मीटर बदलायला सांगालेत.” माणूस हुश्श करून उठायचा. मी चिडवायची, “एवढ्यासाठी केवढा डॉक्टर होतोस रं!” त्यावर तो हसायचा नाही. त्याच्या कन्नडाची चेष्टा त्याला खपत नसे.

त्यानं एक नियम काढला होता. “आक्का, कन्नड लई सोपं हाय. आपला आ काढायचा आनि ए लावायचा. शाळा, शाले. सभा, सभे. जत्रा, जात्रे. परीक्षा, परीक्षे. झालं की!” मी हा नियम शाळेत पोरांना गंमत म्हणून सांगितला, तर दिवसभर पोरं “फळा, फळे” करत खिदळत होती. पण खरं सांगायचं तर नियम चालायचा. दहातल्या आठ ठिकाणी बरोबर यायचं, आणि उरलेल्या दोन ठिकाणी गावात चूक काढणारं कोण होतं?

एक होते. आण्णाप्पा मास्तर. कन्नड शाळेतून निवृत्त झालेले, मूळचे बैलहोंगलकडचे, पण घर माळेगुंडीतच बांधलेलं. आमच्या गणपतीला वर्गणी देणारे, मयतीला पहिले येणारे, मोडकंतोडकं पण गोड मराठी बोलणारे. किशन त्यांना मान द्यायचा, पण आपला कागद कधी दाखवायचा नाही.

आता पूर्णिमाक्कांबद्दल सांगते. त्या आमच्या भागाच्या आमदार. आमच्याकडं आमदार म्हटलं की भाषेवर आणि सीमेवर गरजणारा माणूस, असाच समज. पूर्णिमाक्का त्यावर बोलत नव्हत्या असं नाही, पण त्यांचं डोकं चालायचं पाण्यात आणि मातीत. शेतकऱ्याघरची बाई, वकिली शिकलेली. बुजवलेल्या तळ्यांवर त्यांनी सरकारला इतकं छळलं की दोन तळी परत मोकळी झाली. ओढ्यांच्या दोन्ही काठांना पट्टी मोकळी सोडावी, तिथं भर टाकू देऊ नये, असा कायदा व्हावा म्हणून त्यांनी स्वतः विधेयक मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. तरी त्या गाडीत पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरायच्या, या ओढ्याचं पाणी, त्या विहिरीचं पाणी. ड्रायव्हर तहान लागली तरी गाडीतल्या बाटलीला हात लावायचा नाही.

त्यांची अडचण एकच, कन्नड. ऐकलेलं बरंचसं कळायचं, बोलताना अडखळायच्या, वाचताना अक्षर अक्षर जोडायच्या. विधानसभेत इंग्रजीत प्रश्न देता आला असता. पण त्या म्हणायच्या, “इंग्रजीत विचारलं की मंत्री कागद चाळत बसतात. कन्नडात विचारलं की सगळं सभागृह मान वर करतं.” त्यांचा लेखनिक सोडून गेला तेव्हा किशन आपणहून पुढं झाला. ड्युटी सुटली की बेळगावच्या कॅम्पातल्या त्यांच्या ऑफिसात जाऊन बसायचा, पगार न घेता. खताच्या टंचाईवरचा प्रश्न त्यानं लिहिला, तळ्यांवरचा लिहिला. दोन्हींना नीट उत्तरं आली. मग काय, गडी हवेतच. “आमदारांचं कन्नड म्हंजे मी,” असं तो हाटेलात उघड म्हणायचा, आणि आई, म्हणजे नागुबाई, ते शेजारणींना परत परत सांगायची. सांगणाऱ्यांत मीही होते.

आमच्या गावातून करंज नाला वाहतो. डोंगरातून येतो, भाताच्या पट्टीला लागून जातो. त्याच्या काठाला आमच्या बायाक्का आत्तीचं, आप्पांच्या बहिणीचं, शेत आहे. आत्ती विधवा, मूलबाळ नाही, सगळा जीव त्या भातात. बासमती लावते, आणि भात पोटरीला आलं की त्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. नाल्याच्या वरच्या अंगाला लोखंडावर मुलामा चढवणारा एक कारखाना झाला, आणि तिथलं आम्लाचं पाणी नाल्यात उतरू लागलं. काठाची रोपं पिवळी पडली, लोंब्या पोचट निघाल्या. आत्तीची म्हैस नाल्याकाठी जाऊन, हुंगून, तोंड न लावता परत यायची. आत्ती म्हणायची, “जनावराला कळालंय, मानसाला कवा कळायचं?”

त्यातच कारखाना दुपटीनं वाढणार अशी बातमी आली. परवानगी मागितली होती, मिळायची होती. पूर्णिमाक्कांनी गावात येऊन आम्हाला समजावून सांगितलं. हिवाळी अधिवेशन बेळगावातच भरतं, तिथं तोंडी उत्तराचा प्रश्न लागला आणि मंत्री “पाणी तपासतो” एवढं जरी बोलले, तरी ते सभागृहाला दिलेलं आश्वासन होतं. त्याच्या मागं लागायला आमदारांची समिती असते. मग तपासणी झाल्याशिवाय वाढीव परवानगी कुणी देऊ शकणार नाही. म्हणजे आत्तीचं भात वाचायचं तर ते त्या एका प्रश्नावर.

प्रश्न कुणी विचारायचा याची सोडत निघते, आणि त्यात पूर्णिमाक्कांचं नाव लागलं; आता किशननं प्रश्न लिहून पाठवायचा होता. गावानं रवळनाथाला नारळ फोडला. आण्णाप्पा मास्तर त्या दिवशी आमच्या ओट्यावर आले, मी तिथंच होते. “किशन, पाठवायच्या आधी मला एकदा दाखीव की रे. नुसतं नजर टाकतो.”

“मास्तर, तुमी निवांत ऱ्हावा,” किशन म्हणाला. “आमदारांनी माझ्यावर सोडलंय.”

मास्तर बरं म्हणून गेले. ते गेल्यावर किशन मला म्हणाला, “त्यास्नी दाखवलं की झालं! उद्या गाव म्हनंल, मास्तरांनी लिवून दिलं.” आप्पा आतून म्हणाले, “बराबर हाय. आमचं पोरगं काय कमी हाय?”

अधिवेशनाच्या त्या दिवशी टेम्पो करून आम्ही हलग्याला, विधानसभेच्या इमारतीत गेलो. पूर्णिमाक्कांनी पास काढून ठेवले होते. आप्पा, माझा धाकटा दीर युवराज, गावातली बारापंधरा माणसं, किशन, मी, आणि किशन नको म्हणत असताना आप्पांनीच बोलावलेले आण्णाप्पा मास्तर. आत्ती आली नाही. म्हणाली, “मी तितं येऊन काय करू? तुमी बगून या.” प्रेक्षकांच्या गॅलरीत आम्ही शाळेतल्या पोरांसारखे हात मांडीवर ठेवून बसलो. किशननं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

पूर्णिमाक्का उभ्या राहिल्या आणि किशनचं कन्नड अडखळत पण मोठ्यानं वाचू लागल्या. करंज नाले, करंज नाले, असं दोनतीनदा आमच्या कानावर आलं आणि युवराजनं मला कोपरानं ढोसलं. मग मंत्री उठले. कागदाकडं बघून त्यांनी एक वाक्य म्हटलं, “करंज एंब नालेये इल्ल.” करंज नावाचं नाले नाहीच. पुढच्या सगळ्या उपप्रश्नांना एकच शब्द, उद्भविसुवुदिल्ल. म्हणजे, उद्भवत नाही.

पूर्णिमाक्का तडकल्या. “नाही कसं? मी स्वतः त्यात उतरलेय!” तर मंत्री हसून म्हणाले, “असेल तर मला दाखवा, मी येऊन उद्घाटन करतो.” सगळं सभागृह हसलं. सभाध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. उद्घाटन कशाचं करतो म्हणाले, हे आम्हाला कुणालाच कळलं नाही. वाहत्या नाल्याचं कुणी उद्घाटन करतं का? मला एवढंच कळलं की आमच्या आमदाराला हसले, आणि माझे कान तापले.

मला त्या वेळी उमगलं नाही, पण वाचणाऱ्याला आत्ताच सांगून टाकते. कन्नडात नाले म्हणजे कालवा. धरणाचा, पाटबंधारे खात्याचा, मंत्र्यांनी उद्घाटन करायचा कालवा. आपण ज्याला नाला म्हणतो त्याला कन्नडात हळ्ळ म्हणतात. किशननं नाला घेतला, आ काढला, ए लावला. हळ्ळ हा शब्द त्याला येत नव्हता असं नाही. फौंड्रीतली माणसं तो शब्द रोज बोलायची. पण म्हणूनच तो त्याला गावंढळ वाटला. विधानसभेत जायचा कागद, तिथं हळ्ळ काय लिहायचं! प्रश्न कालव्याचा म्हणून पाटबंधारे खात्याकडं गेला, आणि खात्यानं बघितलं तर माळेगुंडीत कालवा नाही. त्यांनी खरंच उत्तर दिलं होतं.

उद्घाटन हा शब्द कानावर पडला तेव्हाच किशनला सगळं कळलं. मी त्याच्याकडं बघितलं तर त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं. मला वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही, पित्त झालं असेल. मी त्याला पर्समधली गोळी काढून दिली. त्यानं ती मुकाट्यानं घेतली.

बाहेर आल्यावर माणसं भडकलेली. युवराज म्हणाला, “बगा, मराठी गाव म्हणून नालाच पुसून टाकला. उद्या म्हणतील माळेगुंडीच न्हाय!” आप्पा म्हणाले, “लबाड लेकाचं. डोळ्यानं दिसतंय ते न्हाय म्हणालंय.” आण्णाप्पा मास्तर हळूच म्हणाले, “नागोजी, मंत्री खोटं न्हाई बोलले. शब्दात कायतरी घोटाळा...” त्यांना कुणी वाक्य पुरं करू दिलं नाही. आप्पांनी किशनला विचारलं, “तू सांग रं, तुला कन्नड कळतंय. खोटंच बोलालाय न्हवं त्यो?”

किशन म्हणाला, “व्हय.”

तिथून सगळं बिघडलं. चुकीचा शब्द लिहिला ते मी माफ केलं असतं. माझ्या वहीतसुद्धा चुका होतात. पण हा व्हय मला आजही गिळवत नाही.

गावात आता दुसराच वणवा पेटला. हाटेलात रोज तेच बोलणं, मराठी म्हणून डावललं. मास्तर एकदा परत समजवायला गेले तर युवराजनं त्यांना सगळ्यांदेखत सुनावलं, “तुमी तुमच्या मानसांचीच बाजू घेनार.” हाटेलवाल्यानं त्यांच्यापुढं चहा ठेवला नाही. मास्तर थोडा वेळ बाकावर बसले आणि उठून गेले. किशन पलीकडच्या बाकावर होता. त्याच्यापुढं चहा होता आणि त्यानं तो प्यायला.

तिकडं पूर्णिमाक्का नाला आहे हे सिद्ध करायच्या मागं लागल्या. बाईनं झोप सोडली. फोटो काढले, म्हाताऱ्या माणसांचे जबाब घेतले, सरकारी जुना नकाशा मिळवला. त्यावर करंजाच्या निळ्या रेघेशेजारी बारीक कन्नडात काहीतरी लिहिलं होतं. अधिवेशन संपत आलेलं. त्यांनी नकाशा किशनपुढं धरला, “हे काय लिहिलंय बघ रे, माझ्या डोळ्यांना दिसत नाही.”

तिथं हळ्ळ लिहिलं होतं. किशननं ते वाचलं आणि म्हणाला, “करंज नाले.”

हे त्यानं मला पुढं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. “का रं?” मी विचारलं. म्हणाला, “आक्का, खरं सांगायला तोंड उघडलो आनि तेच भाईर पडलं.” मला रडू आलं, आणि त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली.

पूर्णिमाक्का तो नकाशा घेऊन आनंदात सभागृहात गेल्या. पण त्या दिवशी दुसऱ्याच कशावरून तरी गोंधळ झाला, कामकाज आटोपलं आणि अधिवेशन संपलं. त्यांना बोलायला मिळालं नाही.

मग त्या गावात आल्या. रवळनाथाच्या देवळात माणसं जमली. मास्तरही खांबाला टेकून बसले होते, त्यांच्याशी कुणी बोलत नसतानाही. पूर्णिमाक्कांनी नकाशा भिंतीवर टांगला. “सरकारच्याच नकाशात आपला नाला आहे,” त्या म्हणाल्या. “सरकार आपल्याच कागदाला खोटं म्हणतंय.” युवराज उठला आणि मास्तरांकडं बोट करून म्हणाला, “ह्यांच्याच लोकांनी आमचा नाला खाल्ला!”

पूर्णिमाक्का कडाडल्या. “खाली बस! मास्तरांना दोष द्यायचं काम नाही. उलट तेच वाचून दाखवतील. कन्नड शाळेच्या मास्तरांनी वाचलं की कुणाला शंका राहणार नाही. मास्तर, या.”

मास्तर उठले. त्यांनी चष्मा घातला, नकाशाजवळ वाकले आणि म्हणाले, “करंज हळ्ळ.”

“खोटं!” युवराज ओरडला. “मुद्दाम वेगळं वाचालेत. किशन, तू वाच.” चारी बाजूंनी माणसं म्हणू लागली, “किशन, वाच रं. आपला मानूस वाचू दे.” पूर्णिमाक्काही म्हणाल्या, “वाच की. मला वाचून दाखवलंस तसं वाच.”

किशन नकाशापर्यंत गेला. मास्तर बाजूला सरले आणि त्याला जागा करून दिली. त्यानं निळ्या रेघेशेजारच्या अक्षरांवर बोट ठेवलं.

“हळ्ळ,” तो म्हणाला. “मास्तर बरोबर वाचलेत. हळ्ळ म्हंजे नाला. मी लिवलो ते नाले. नाले म्हंजे कालवा. मंत्री बोलले ते खरं हाय, हितं कालवा न्हाय.”

पूर्णिमाक्कांनी विचारलं, “मी नकाशा दाखवला तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“व्हय.”

“कधी कळलं तुला?”

“गॅलरीतच.”

त्या देवळाच्या पायरीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी सभाध्यक्षांना भेटून शब्द दुरुस्त करून घेतला असता, अर्ध्या तासाची चर्चा मागितली असती. बरोबरच्या खात्याला उत्तर द्यावं लागलं असतं. हसले असते मला आणखी एकदा. हसू देत की! मी चार वर्षं त्यांच्याकडून हसं करून घेतेय.” मग त्याच्याकडं वर बघून म्हणाल्या, “हसं कुणाचं होईल म्हणून भ्यालास? माझं की तुझं?”

“माझं,” किशन म्हणाला.

आप्पा उठले आणि आमच्यापैकी कुणाकडं न बघता घरी गेले. मी मान खाली घालून फरशी बघत बसले होते. शाळेत मी पोरांना सांगते, चुकलं तर लगेच सांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

किशन मास्तरांच्या घरी गेला, मला सोबत घेऊन. मास्तरांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाले, “शब्द काय, माझा पण चुकतो. तुमचं मराठी बोलताना रोज चुकतो, तुमी हसता, मी पण हसतो. पण त्या दिवशी हाटेलात मला चहा दिले न्हाईत, ते तू बघत होतास, किशन.” किशननं मान हलवली. मास्तरांनी पाण्याचं भांडं उचलून आत नेलं आणि आम्ही निघालो.

गाव काय, विसरतं असं म्हणतात. आमचं गाव विसरलं नाही, पण त्याचाही नाइलाज होता. कागद येतच होते. चार दिवस ओटा रिकामा राहिला, पाचव्या दिवशी कुणीतरी विजेचं बिल घेऊन आलं. किशन आता लांबलचक थांबत नाही, भुवया चढवत नाही. अडलं तर सरळ म्हणतो, हे मास्तरांना विचारून सांगतो. त्याच्या नियमाबद्दल कुणी बोलत नाही, मीही चिडवत नाही.

बायाक्का आत्तीला मात्र आम्ही कुणी काही सांगितलं नाही. देवळातल्या बैठकीला ती आली नव्हती, आणि भावाच्या घरची गोष्ट म्हणून गावातल्या बायाही तिच्यापुढं गप्प राहिल्या. तिला एवढंच माहीत होतं की मंत्री खोटं बोलला.

शिमग्याच्या सुमारास एका सकाळी ती कागद घेऊन ओट्यावर आली. कारखान्याला लागून जमीन म्हणून तिच्या नावानं आलेला. मी भाकरीचं पीठ घ्यायला माहेरी गेले होते. किशननं कागद वाचला, परत वाचला. मी दारात उभी होते.

“काय लिवलंय रं?” आत्तीनं विचारलं.

“कारखाना वाढवायला परवानगी दिलीत, आत्ती.”

“आनि आपला नाला?”

किशननं कागद मांडीवर ठेवला. “नाल्याचं... तसा नालाच न्हाय म्हणून लिवलंय. विधानसभेत तसं उत्तर आलंय म्हणून.”

“न्हाय?” आत्तीनं लुगडं घोट्यावर उचललं. “हे बग, माझं पाय अजून वले हायत. त्येच्यातनंच चालत आलो की रं मी! न्हाय म्हणून कुणी सांगितलं त्यास्नी?”

आतून आप्पा खोकले. मंत्र्यांचं नाव घेऊन सुटता आलं असतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, घ्यावं त्यानं नाव.

“मी सांगितलो, आत्ती,” किशन म्हणाला. “माझ्या लिवण्यानं झालं.”

आत्ती रागावली नाही, कपाळावर हात मारला नाही. तिला त्यातलं कितपत कळलं कुणास ठाऊक. तिनं तो कागद त्याच्या मांडीवरून उचलला, उलटा करून कोरी बाजू वर केली आणि परत त्याच्यापुढं ठेवला.

“मंग आता तूच लिव,” ती म्हणाली. “हाय म्हणून लिव.”